बँडमास्तरांचे हलते ओठ

समारंभाच्या अध्यक्षा व आपल्या नगराध्यक्षा मार्लेनबाई, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती बँडमास्तर लेओ पाल्म, आणि मधली वाट सोडून डावीकडे बसलेल्या फ्रेंचभाषी व उजवीकडे बसलेल्या डचभाषी बंधुभगिनींनो, ट्यूबा वाजवणाऱ्या ओडिलॉनचा सर्वांना नमस्कार. डचांचं नाव नंतर घेतलं म्हणून उजवीकडे कुजबुज नको. गेल्या वर्षी आपण आधी होतो, यंदा पाळी त्यांची.

ब्रुसेल्सच्या वेशीवरच्या या गावात नवा माणूस आला की आपण आधी काय बघतो? खरं सांगा. यांच्यातला की त्यांच्यातला! अठ्ठावीस वर्षांपूर्वी मास्तर आले आणि दोन्ही भाषा इतक्या सफाईनं बोलले, की मला तेव्हाच संशय आला. इतकं शुद्ध डच कोण बोलतं? ज्याला काही लपवायचंय तोच!

मी तोंडावर विचारलं, "मास्तर, तुम्ही फ्रेंचांपैकी का हो?"

"नाही, ओडिलॉन."

तिकडे क्लॅरिनेटवाल्या गिस्लेनबाईंनी विचारलं, "डचांपैकीच ना तुम्ही?" त्यांनाही उत्तर "नाही"! म्हणजे एकाला तरी हा माणूस थापा मारतोय. एरवी बाई आणि मी एकमेकांचं तोंड बघत नाही, पण इथं आमचं जमलं.

एकवीस जुलैला, राष्ट्रीय दिनी, आपण राष्ट्रगीत नुसतं वाजवतो. गायचं कुठल्या भाषेत, यावरून एकदा ट्रॉम्बोन वाकला होता. पण वाजवून घेताना मास्तरांचे ओठ हलायचे, मिशांआड! मी स्वर चुकवून बघत राहायचो. शब्द ना आमचे वाटायचे, ना त्यांचे. बघा किती बेरकी, म्हटलं.

आता जड जातंय, पण बोलतो. मास्तरांना काढा, असा निनावी अर्ज नऊ वर्षांपूर्वी समितीकडे आला होता. तो माझा. गिस्लेनबाई, छताकडे काय बघता? फ्रेंच प्रत तुमची होती.

मास्तर आता निवृत्त होऊन गाव सोडणार, म्हणून गेल्या रविवारी त्यांचं सामान बांधायला गेलो. मदत कसली, टेहळणी! तेवढ्यात त्यांच्या नव्वदीच्या आईचा फोन आला, आणि मास्तर तिच्याशी चक्क जर्मन बोलू लागले. अहो, देशाच्या पूर्व टोकाला आपलीच माणसं जर्मन बोलतात, हे शाळेत घोकलं होतं की आपण! भांडता भांडता तिसरी भाषा विसरूनच गेलो.

"मास्तर, कधी बोलला नाहीत ते?"

"तू विचारलंस फ्रेंच का, गिस्लेननं विचारलं डच का. दोघांना खरंच सांगितलं. तू कुठला, असं कुणी विचारेल म्हणून वाट बघितली, मग सोडून दिलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आणि तो अर्ज...?"

"समितीनं तेव्हाच माझ्या हाती दिला. जपून ठेवलाय. दोन्ही भाषांत शब्दाला शब्द जुळतो. इतकं एकमत या गावात दुसऱ्या कशावर झालंय?" असं म्हणून ते खोकं बांधायला लागले.

मास्तर, भाषेवरून वाद नको म्हणून इथल्या समारंभांत केक कोराच असतो. आज त्यावर बाईंनी आणि मी जर्मनमध्ये माफी लिहून आणलीय. अध्यक्षांचे आणि सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात आणि केकवर जे चुकलं असेल, ते सांभाळून घ्या.

आता माईक तुमच्याकडे देतो. फार उशीर झालाय, तरी विचारतो.

मास्तर, तुम्ही कुठले?