सौना सोडून बाकी घर

आर्वो : पायऱ्या जपून उतर, तिसरी कुजलीये. आणि उतरलीस की तशीच गाडीत बस. घर विकायचं नाहीये मला.

डेनीस : मग ‘विकणे आहे’ची पाटी कोणी लावली, काका?

आर्वो : माझ्या लेकीनं. मिनियापोलिसहून आली, पाटी ठोकली, गेली. म्हणे, म्हातारा एकटा बर्फात मरेल.

डेनीस : छप्पर गळतंय. धुराडं कललंय. खालच्या तुळईत माझा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. तरी मी किमतीत घासाघीस करत नाहीये.

आर्वो : म्हणजे तुलाही पाडायचंच आहे. शिकागोचा एक येऊन गेला. त्याला सुपीरियर सरोवराच्या काठी काचेचा बंगला हवाय.

डेनीस : पाडणारा तुळया टोचून बघत बसत नाही. वीस वर्षं लोकांची छपरं घालतेय मी. आता माझं घालायचंय.

आर्वो : नवरा?

डेनीस : होता. त्यालाही वाटायचं, मला जमणार नाही. जमलं. त्याच्याशिवाय.

आर्वो : आणि हिवाळ्यात छप्पर उघडं टाकून राहणार कुठे?

डेनीस : ते मागचं खोपटं पाडून तिथे ट्रेलर लावते.

आर्वो : खोपटं? सौना आहे ती. दगड तापवायचे, वर पाणी ओतायचं, घाम काढायचा. आईबाप फिनलंडहून आले तेव्हा आधी ती बांधली. घर उभं राहीपर्यंत तिच्यातच राहिले. तिच्या बाकावर जन्मलोय मी. नीघ तू.

डेनीस : चुकले, काका. पण निघत नाही. किती जण राहिले तिच्यात?

आर्वो : पाच. मला धरून.

डेनीस : मग मी एकटी आरामात राहीन. इथलं तेवढं एकच छप्पर धड आहे. पाडणार नाही, हवं तर लिहून देते.

आर्वो : कागदाला काय चाटायचंय? दर शनिवारी शेजारीपाजारी येतात. विचारून येत नाहीत. नागडे बसतात.

डेनीस : बसू देत. शनिवारी माझी गादी उचलून ठेवीन.

आर्वो : आणि तापवणार कोण? मी लेकीकडे. तिथे टब आहे. म्हातारा टबात बसतो, स्वतःच्याच मळात.

डेनीस : जायचंय तुम्हाला?

आर्वो : मला कोणी विचारलंय?

डेनीस : मी विचारतेय. घर माझ्या नावावर करा, खालची खोली तुमची. फुकट नाही हं. शनिवारी सौना तुम्ही तापवायची आणि मला शिकवायचं.

(आर्वो अंगणात जाऊन पाटी उपटतो. एका हातानं निघत नाही, दोन्ही लावतो.)

आर्वो : शिकायला तुला चांगली दोन-तीन वर्षं लागतील.

डेनीस : लागू देत.

आर्वो : लेकीला कळवतो मग. तोवर मला सवड नाही म्हणून.