कोऱ्या कागदाचा देश

धुळ्याच्या बसस्थानकात जळगावची गाडी यायची होती. माझ्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी नकाशा उघडून बसली होती. तिची आत्या तिला गाडीत बसवून द्यायला आली होती.

“ऋतिका, हाऊ नकाशा कोणता गावना शे?”

“कुठल्याच नाही, आत्या. हा मी मनानं रचलेला देश आहे. जळगावात काही जण टेबलाभोवती बसून गोष्टीतली माणसं होऊन खेळतात. नकाशावरच्या या डोंगरांतून वाट काढतात.”

“मंग तोंड कसाले उतरेल शे?”

“त्यांच्या ग्रुपवर याचा फोटो टाकला, तर एक जण म्हणाला, हे हातानं काढलेलं नाही, कॉम्प्युटरनं बनवलंय. बाकीच्यांनीही तेच धरलं.”

“तू काय बोलनी?”

“बोलून कोण मानणार? आज ते खेळायला जमणार आहेत. त्यांच्यासमोर बसून कोऱ्या कागदावर नवा देश काढणार.”

“कितला वेळ लागी?”

“पाच तास तरी.”

“तितला वेळ त्या बठ्ठा बसतीन का?”

“सगळे नाही बसले तरी मी बसेन. पूर्ण करूनच उठेन.”

गाडी फलाटाला लागली. आत्यानं पिशवी खांद्याला लावली.

“चाल. दोन तिकिटं घे. मी बी बससू.”