मांडीवरचा शनी

पेण-रोहा एस.टी.त पुंडलिक डुलक्या घेत होता, पण पुढच्या बाकावरच्या बोलण्यानं त्याची झोप उडाली. शाळेतल्या इशरतबाईंच्या मांडीवर कागदाच्या लगद्याचा शनी होता आणि शेजारी धोंडुबाई अंग चोरून बसली होती.

“त्याला लांब धर गो. ह्याची साडेसाती भोगलीय मी.”

“मावशी, हा नुसता वायूचा गोळा. पृथ्वीहून कितीतरी मोठा, पण पाण्यापेक्षा हलका.”

“मंजी बुडायचा नाय? मग इसर्जन कसं करशील?”

“करायचंच नाही, शाळेत ठेवायचाय.”

“नि ह्ये कडं?”

“खरं बर्फाचं असतं, हे पुठ्ठ्याचं. अगं बाई, मोडतंय!”

गडब गावाजवळ गाडी खड्ड्यात आदळली होती.

“आण इकडं, मी धरते. मेल्या, साडेसात वर्षं मी तुला भ्याले, नि तू एका खड्ड्याला भितोस व्हय?”