तुमच्या शब्दांत लिहा

दहावीच्या पोरांचं वाचन कसं सुधारायचं, ते मला विचारूच नको. प्रश्न काहीही असो, उताऱ्यातली ओळ जशीच्या तशी उतरवतात. महिनाभर घसा फोडला, "समजून घ्या, तुमच्या शब्दांत लिहा."

काल भिवापूरच्या एका पोरीनं खरंच लिहिलं, "आभाळ आलं म्हणून म्हातारी वाळवणाच्या मिरच्या उचलाले धावली." उत्तर अगदी बरोबर. पण सवयीनं 'उचलाले'वर मी लाल गोल मारला, वर 'उचलायला' लिहिलं अन् अर्धा मार्क कापला.

पोरगी वही घेऊन आली. "मॅडम, मार्क काहून कापला?"

मी वैतागले. "शुद्ध मराठीत लिहाले काय होते वं तुले?"

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तो लाल पेन द्या न जरा."