आधी 'आ कर' म्हणा!

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याच्याकडे आपलं लक्ष असतं का? — माना डोलल्या! थांबा, घाई नको. आधी हणमंततात्या थोरबोल्यांना भेटा.

तात्या म्हणजे बैलबाजारातला शेवटचा शब्द! बैलाचं तोंड उघडायचे, एक नजर टाकायचे आणि वय सांगायचे. दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळला! व्यापारी चळाचळा कापायचे हो!

या तात्यांची नात कार्तिकी. वय आठ. नातीवर असा जीव, की ती शिंकली तर हे स्वेटर घालायचे! पण पोरीचे खालचे दात वरच्यांच्या पुढं यायचे. पेरू चावता येईना. शाळेत मुलं चिडवायची, म्हणून हसायची ती तोंडावर हात ठेवून. तात्यांना वाटायचं — पोर लाजाळू आहे!

शाळेत दातांची तपासणी झाली. बाईंनी चिठ्ठी दिली. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, डॉक्टरांकडं न्यायला सांगितलंय."

तात्या काय म्हणाले असतील? — "अगं, पोरगी अजून चौसा हाय! जुळू दे की, मग बघू!"

हसा, हसा! तुमच्या घरी काय वेगळं बोलतात?

पण सूनबाई खमक्या. पोरीबरोबर सासऱ्यांनाही गाडीत घातलं आणि नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं. म्हणाल्या, "तात्या, आत्ता हाड कोवळं आहे, थोड्या जोरानं ऐकेल. थांबलात, तर खालचा जबडा असाच पुढं वाढेल. मोठेपणी नुसत्या तारांनी भागेल असं नाही, कदाचित हाडाचं ऑपरेशन करावं लागेल."

"पन समदे दात आल्यावर एकदाच काय ते करा की!"

बाई हुशार! म्हणाल्या, "बैलाला वेसण कधी घालता?"

"ल्हानपणीच. नाक कोवळं असतंय."

"आणि नांगराला कधी जुंपता?"

"जुळल्यावर."

"मधली वर्षं?"

"मोकळा सोडायचा. वाढू द्यायचा."

"मग मी दुसरं काय सांगतेय? आत्ता दातांना काढता-घालता येणारी पट्टी. मग मोकळीक. बाराव्या वर्षी लागल्याच, तर तारा."

कार्तिकी खुर्चीतून ओरडली, "मी बैल नाहीये!"

तात्या हसले नाहीत, मंडळी. त्यांनी चष्मा लावला, वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा नातीच्या तोंडात पाहिलं. डोळे भरून आले. म्हणाले, "हजार बैलांची तोंडं बघितली गं... तुझंच तेवढं राहिलं."

मग काय! दर रविवारी पट्टी बाहेर काढायची आणि तिच्यातला बारका स्क्रू इवल्याशा किल्लीनं एक पाव फेरा फिरवायचा — हे काम तात्यांचं! घरात सगळे चिडीचूप. उधळलेला बैल एका हातानं धरणारा माणूस, पण किल्ली हातात आली की घाम! "जास्त तर न्हाई ना फिरली?"

दहा महिन्यांनी दात जागेवर आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता थांबायचं. सहा महिन्यांनी दाखवा."

तात्या खवळले! "थांबायचं? लावा की तारा आत्ताच!" — बघा, आधी सुरू करायला तयार नव्हते, आता थांबायला तयार नाहीत!

तेव्हा कार्तिकी म्हणाली, "तात्या, आता मला मोकळं सोडायचंय!" आणि खदखदून हसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून!

मंडळी, तात्यांचं लेकरावर प्रेम नव्हतं का? होतं की! लक्ष नव्हतं. आता माझ्याकडं बघू नका, स्वतःकडं बघा. टोमॅटो दाबून घेता, नारळ वाजवून घेता... आणि लेकराचं? "मोठं झालं की होईल नीट"! नाहीतर एक दिवस जाग येते आणि त्याच दिवशी सगळं सरळ करायला निघता — अभ्यास, अक्षर, स्वभाव, सगळं!

उद्या सकाळी लेकराला उजेडात समोर बसवा. म्हणा, "आ कर." नीट बघा. आणि मग लगेच उठू नका हो — ते काहीतरी बोलेल. तेवढं ऐकून घ्या.