धुरा पार्टीच्या चार कॅसेटी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या बाजार मंडळाचेही अध्यक्ष, आदरणीय बिसनलालजी पटले, म्हणजे आपल्या सर्वांचे भाऊ. व्यासपीठावर विराजमान आमचे शालीकराम गुरुजी, ज्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं आणि पुढचं माझ्यावर सोडलं. सत्कारमूर्ती चिरंजीव तिलक रहांगडाले, त्याचे साथीदार टिंकू आणि रविता. दुसऱ्या रांगेत बसलेल्या तिलकच्या मातोश्री सुखवंताबाई. आणि पंख्याखालची जागा धरायला तासभर आधी आलेल्या माझ्या आमगावकर बंधुभगिनींनो!

आपण इथे कशासाठी जमलो ते पत्रिकेत आहेच. तिलक रेल्वेत लागला. सहायक लोको पायलट म्हणून बिलासपूरला रुजू होतो आहे. गावातल्या कोणालाही नोकरी लागली की मंडळ नारळ, शाल देतं आणि अध्यक्ष स्वतः अध्यक्षस्थानी बसतात, हा आपला जुना शिरस्ता. आज तो पाळणं भाऊंना सोपं नव्हतं. तिलक त्यांचा सख्खा भाचा आणि सुखवंताबाई त्यांची सख्खी बहीण. गेली सात वर्षं या दोन घरांत बोलणं नाही. मघाशी दारात भाऊ मला म्हणाले, "उदाराम, मी मंडळाचा अध्यक्ष म्हणून आलो. दुसरा काई समजू नोको." मी समजलो नाही. जे ऐकलं तेवढंच सांगतो.

तिलक जातो म्हणजे या तिघांची रॅप म्हणणारी 'धुरा पार्टी' थांबते. टिंकू नागझिऱ्याच्या जंगलात गाईड आहे, रविता केशोरीच्या शाळेत लागली. दोघांच्यानं गाडी चालणार नाही. म्हणून मंडळानं मला सांगितलं, उदाराम, तू साउंडवाला माणूस, यांच्या गाण्यांबद्दल चार शब्द बोल. मी म्हटलं, चार शब्द नाही, गुणच देतो. चार कॅसेटी आहेत, एकेकीला दहापैकी. कॅसेट म्हणायची आपली सवय. होती ती मेमरी कार्डं, माझ्याच दुकानात भरलेली.

मागच्या मंडळींसाठी सांगतो, रॅप म्हणजे काय? गुरुजींनीही मला हेच विचारलं होतं, "उदाराम, हे गाणं आहे की भांडण?" गुरुजी, हे आंदण आहे. आपल्याकडे लग्नात आंदणाची भांडी खाटेवर मांडतात, भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, आणि साउंडवाल्याचा माणूस ते नाव वाचून माइकवर पुकारतो. मी नव्व्याण्णव साली सायकलला दोन भोंगे बांधून धंदा सुरू केला, तेव्हा मीच पुकारायचो. घसा बसला तेव्हा तिलकला घेतलं. कॉलेजात होता. पहिल्याच लग्नात यानं काय केलं? "काकाची परात, मावशीची कढई, आत्याची कोठी अन् फुफाजीची घडी!" मागून टिंकूनं रिकाम्या कोठीवर ठेका धरला. वऱ्हाडी जेवायचं सोडून भांडी पाहायला आले. नवरदेवाचा बाप मला म्हणाला, "भैया, लडका कहाँ से लाया?" मुंबईत, अमेरिकेत रॅप कुठून आलं ते मला ठाऊक नाही. आमगावात ते आंदणाच्या खाटेवरून उतरलं.

आता गुण देण्याची माझी पद्धत. माझे कान चांगले आहेत असं लोक म्हणतात. स्पीकरचा पडदा फाटायच्या दोन दिवस आधी मला कळतं. पण गाण्याच्या बाबतीत मी स्वतःच्या कानावर विश्वास ठेवत नाही. मी आचाऱ्याच्या कानावर ठेवतो. लग्नात आचारी मंडपाच्या मागे असतो, भट्टी भणभणत असते, हातात झारा, डोक्यात मिठाचा हिशेब. त्याच्यापर्यंत जे गाणं पोहोचतं आणि जे तो पुन्हा लावायला सांगतो, ते पास. आमचा आचारी मंगरू, तो काय मागे मशीनजवळ उभा आहे. अरे, हात वर कर. मंगरूनं नापास केलेलं गाणं मी वरातीत कधी वाजवलं नाही.

पहिल्या कॅसेटीचे गुण मी शेवटी सांगेन. दुसरीपासून सुरू करतो.

दुसरी, दोन हजार तेराची, 'आउटर'. तेव्हा यांच्या हातात मोठे मोबाईल आले होते आणि डोक्यात मोठी शहरं. आठ गाणी, त्यातली सात हिंदीत, आणि सातही समुद्राकाठची. टिंकूनं तोवर बोदलकसाच्या तलावापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. मंगरूनं झारा थांबवला खरा, पण विचारलं काय? "हे पोट्टे कोनत्या गावचे होत?" यापेक्षा वाईट शेरा मी ऐकलेला नाही. एकच गाणं आपलं होतं, ज्याच्यावरून नाव पडलं. गोंदियाच्या आउटरला, स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, गाडी चाळीस मिनिटं उभी आहे, घर दिसतं आहे, उतरता येत नाही. त्या एका गाण्याचे चार गुण. बाकीच्या सातांचे मिळून शून्य. तिलक, आता तूच इंजिनात बसणार आहेस, आउटरला उभा राहिलास की तुला हे चार गुण आठवतील.

तिसरी, दोन हजार पंधरा, 'हळू बोला'. टिंकू नागझिऱ्यात लागला तेव्हाची. ही सबंध कॅसेट कुजबुजत म्हटली आहे, पर्यटकांना गाईड सांगतो तशी. "हळू बोला, सायेब, हळू बोला, वाघ झोपला नाई, वाघ आयकून राहिला." धंद्याच्या दृष्टीनं सत्यानाश! लग्नात लावली तर कोणाला ऐकू जात नाही. मी चिडून म्हटलं, अरे, माझ्याकडे चार हजार वॅटचा साउंड आहे, आणि तुम्ही कानात बोलता? टिंकू म्हणाला, "काका, तुम्ही एकदा आवाज बंद करून पाहा, मंग आयका." मी गोदामात एकटा बसून ऐकली. आचाऱ्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून माझ्या पद्धतीनं ती नापास. माझी पद्धत तिथे कमी पडली, असं मी आज सर्वांसमोर मान्य करतो. साडेआठ.

चौथी, 'रोवणा', म्हणजे धानाच्या लावणीची, मागच्या वर्षीची. इथे रविता आली. ती येईपर्यंत पार्टीत दोनच पोट्टे होते आणि दोघांनाही रोवण्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की तेव्हा घरी जेवण उशिरा मिळतं. रविता धानाच्या बांधीत उतरलेली पोरगी. "पाय चिखलात, पाठ उन्हात, माझा नाव नाई सातबाऱ्याच्या पानात." हे गाणं मी एका लग्नात लावलं तर पंगतीत वाढणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. वरणाची बादली हातात, आणि थांबल्या. मंगरू ओरडत होता, "वरण थंडा होऊन राहिला वो!" त्यातली एक त्याला म्हणाली, "होऊ दे." साडेनऊ. अर्धा गुण कापला, कारण दहा दिले तर रविता शाळेत पोरांना दहाच देत सुटेल.

कोण बोललं मागून? हो, हो, पहिली राहिली. तिच्याकडेच येतो. पाणी घेतो थोडं.

पहिली कॅसेट, 'आंदण', दोन हजार अकरा. सात गाणी. त्यातलं पहिलं गाणं गोंदिया जिल्ह्यातच नाही, पार बालाघाटपर्यंत वाजलं. ते गाणं सुरू होण्याआधी चार सेकंदांचा एक आवाज आहे, भर मंडपातला. "मामाचा गुंड, नाव कोनाचा? कोनाच्या लग्नातला उचलला, बाप्पा?" आणि मग हशा.

हा मंडप रिंकीचा, म्हणजे तिलकच्या बहिणीच्या लग्नाचा. मामा म्हणजे आपले आजचे अध्यक्ष. भाऊंनी भाचीला पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आणला होता, आणि त्यावर भाऊंचं नाव नव्हतं. 'सेवकराम, केशोरी' असं कोरलेलं होतं. लोकांनी काय समजायचं ते समजलं, कोणाकडून आलेलं जुनं भांडं मामानं खपवलं. भाऊ पंगतीला न बसता निघून गेले. पुढे तेच चार सेकंद गाण्याबरोबर गावोगाव फिरले, आणि भाऊ जिथे जातील तिथे पोरं 'गुंड, गुंड' करू लागली. तेव्हापासून भाऊंनी बहिणीचा उंबरा ओलांडला नाही. भर मंडपात सख्ख्या भाच्यानं मामाची इज्जत काढली, हे आमगाव सात वर्षं धरून चाललं आहे. सुखवंताबाईही हेच धरून आहेत, आणि त्यांनी त्यासाठी पोराला बोलायचं ते सगळं बोलून घेतलं आहे.

भाऊ, तो आवाज तिलकचा नाही. माझा आहे.

बसा, भाऊ, एवढं ऐकून घ्या. त्या दिवशी तिलकनं गुंड उचलला, नाव पाहिलं आणि तो अडखळला. दुसऱ्याचं नाव आपल्या मामापुढे कसं वाचायचं म्हणून गप्प राहिला, दोन सेकंद. मंडपात माइक गप्प झालेला मला चालत नाही, माझी धंद्याची खोड. ॲम्प्लिफायरजवळ माझा वेगळा माइक असतो. मी मशीनमागून बोललो. भोंग्यातून बाप बोलला काय आणि लेक बोलला काय, समोरच्याला फरक कळत नाही; आणि खाटेजवळ माइक घेऊन उभा होता तो तिलक.

कॅसेट करताना मी ते चार सेकंद रेकॉर्डिंगमधून काढून गाण्यापुढे जोडले. तिलक म्हणाला, "काका, ते काढा. मामाजी आहेत ते." मी म्हटलं, "अरे, त्याच्यानंच त चालन." मशीन माझी होती, मी काढले नाहीत. आणि जेव्हा भाऊंनी येणं सोडलं तेव्हा मी त्याला म्हटलं, तू काही बोलू नको, मी भाऊंना नीट सांगतो. तो थांबला. सात वर्षं थांबला. आईची बोलणी खाल्ली, पण माझं नाव घेतलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी सुखवंताबाईंकडे चहाला गेलो होतो. भाऊबीज झाली होती, भाऊ आले नव्हते. त्या म्हणाल्या, "उदाराम, तो गुंड माझ्या मायच्या लग्नातला होता. सेवकराम म्हणजे आमचा आजा, मायचा बाप. भावानं घरातली सगळ्यात जुनी चीज माझ्या पोरीले देल्ली, अन् माझ्याच पोरानं त्याले चोर ठरवला." मी "हो का" म्हटलं, चहा संपवला आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी त्याच गाण्याची आणखी वीस कार्डं भरली.

तेव्हा पहिल्या कॅसेटीला नऊ गुण. तिच्यातल्या पहिल्या चार सेकंदांना शून्य, आणि ते शून्य उदाराम साउंड सर्व्हिसच्या नावावर लिहावं.

काय म्हणालात, भाऊ? मी माइकवर सांगतो, मागच्यांनाही कळू द्या. भाऊ विचारतात, "तू सात वर्षांत माझ्या घरी किती खेपा आलास? मंडळाचे सारे कार्यक्रम तुलेच देल्ले. तवा काऊन नाई सांगितलास?"

त्यासाठीच नाही सांगितलं, भाऊ. तुमचे कार्यक्रम जातील म्हणून. दुसरं कारण शोधलं असतं तर सापडलं असतं, पण खरं हेच आहे. आणि आज सांगतो यात माझा मोठेपणा नाही. मी न सांगता तिलक आज गेला असता तर ही गोष्ट कायमची त्याच्या नावावर राहिली असती, आणि मला त्याची सवय झाली असती.

सुखवंताबाई, तुम्ही उठू नका, माझं संपतंच आहे. तुम्हाला मी भाऊंइतकंच दुखावलं. भाऊ त्या दिवशी घरी निघून गेले; तुम्हाला मात्र त्याच पोराला रोज वाढून द्यावं लागलं.

एक मिनिट. माफ करा, मी थांबलो, कारण भाऊ आता तिलकशी बोलले. माइकवर नाही, शेजारी वाकून. मागे ऐकू गेलं नसेल, पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. भाऊंनी विचारलं, "गाडी किती वाजताची आहे?" तिलक म्हणाला, "पाच वाजून दहा, मामाजी." भाऊ म्हणाले, "मी येतो ठेसनावर. तुझ्या मायले सांग, माझ्या गाडीत बस म्हनावा."

यापुढे माझ्या बोलण्यात अर्थ नाही. मंडळानं बोलायला उभं केलं, त्याबद्दल मंडळाचे आभार. गुरुजींनी मध्ये एकदाही टोकलं नाही, त्याबद्दल त्यांचे. आणि टिंकू, रविता, तिलक या तिघांचे, त्यांनी माझ्या भोंग्यांना ऐकण्यालायक काहीतरी दिलं म्हणून. आभाराच्या भाषणात शेवटी चुकलंमाकलं पोटात घाला असं म्हणतात, आणि काय चुकलं ते कोणी सांगत नाही. मी सांगितलं आहे. ते पोटात घालायचं की नाही, हे भाऊ आणि सुखवंताबाई सवडीनं ठरवतील. आज त्यांनी घाई करू नये.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली आहेत. फराळाची व्यवस्था मागच्या दारी आहे, पण आधी भाऊ, सुखवंताबाई आणि तिलक यांना वाट द्या. मंगरू, माइक बंद कर.