काकमारीची पहिली मूठ

— बस आधी, प्रसीना, उभ्या उभ्या काय विचारतेस. मामाच्या दारात यायचं आणि पोलिसासारखी चौकशी करायची — चार घास खा, कप्प्याचा कंद उकडलाय, माशाचं कालवण आहे. डोहातले मासे कोणी मारले, म्हणे. मला काय ठाऊक? शहरातले व्यापारी जाळी घेऊन येतात, काचेच्या पेटीत फिरवायला लोकांना लाल पट्टीची चेंकणियान मासळीच हवी असते — त्यांना विचार. वरच्या रबरवाल्याला विचार, त्याच्या फवारणीचं पाणी कुठे उतरतं. वाळू उपसणाऱ्यांना विचार. पण तिथे वाचा बसते तुझी, नाही? म्हाताऱ्या मामापुढे बरी चुरुचुरु बोलतेस.

पाच वर्षं त्या काठावर पालथी पडून मासे मोजलेस — ठरलेलं लग्न मोडलं, आई गेली, तरी हिचं मोजणं चालूच. काय मिळालं? उन्हाळ्यात ओढा आटला की उरलेसुरले सगळे त्या एकाच डोहात जमतात, असं वाचनालयात फळ्यावर काढून दाखवलंस गावाला. आम्हाला काय ते नवीन होतं? म्हणून तर चैत्रात विषूचा सण झाला की आख्खं गाव तिथे उतरायचं. काकमारीच्या विषारी बिया कुटून पाण्यात कालवायच्या, मासे गुंगून वर यायचे, आणि पहिली मूठ आपल्या घराची — आधी माझ्या मामाची, मग माझी, चाळीस वर्षं. मी कूक घातली की बायका टोपल्या घेऊन धावायच्या. तिथे तू बंदीची पाटी ठोकलीस. सख्ख्या भाचीने.

यंदाही घातली मी कूक. — बघतेस काय अशी? हो, घातली. भर दुपारी, बिया एकट्यानेच कुटल्या, तीनदा कूक घातली. सगळे वर बांधावर उभे. नुसते उभे. डोहाकाठच्या नाणूच्या बायकोने तर मला बघून दार लावलं — एवढं पढवून ठेवलंस. मग मी काय मूठ तशीच धरून घरी यायचं? टाकली. पांढरी पोटं भराभर वर आली, आणि माझी टोपली एक, हात दोन. बाकीचे तिथेच सडले, कुणाच्या तोंडी न लागता. आपल्या घराच्या मुठीतला एक मासा कधी वाया गेला नव्हता. हे पाप तुझं आहे, माझं नाही.

एकोणीस हाती लागले. मीही मोजले — हलत नव्हते ना, सोपं गेलं. रडायचं असेल तर अंगणात जा. समोर वाढलंय ते तेच आहे. तीन दिवस झाले, आंबट घालून रोज गरम करतोय. शेजारी वाटी पाठवली, भरलेली परत आली. एक घास तरी — नको? बरं. राहू दे ताट तिथेच. मांजरही तोंड लावत नाही त्याला. जाताना फाटक ओढून घे.